पडद्याचा रंग पारखताना

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. तो आढावा अहवालात छापला आहे आणि अध्यक्षमहोदयांनी आत्ताच तो आपल्यापुढे मांडलाही आहे. म्हणून मी आज एका वेगळ्या विषयावर बोलण्याची परवानगी घेते. आपल्या घरच्या संगणकाचा पडदा रंग खरे दाखवतो की नाही, आणि दाखवत नसेल तर तो मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या मदतीने घरच्या घरी कसा जुळवावा, हा तो विषय. मराठीच्या शिक्षिकेने यात का पडावे, असे काहींच्या मनात येईल. त्याचे कारण ही स्मरणिकाच आहे.

गेल्या दिवाळीपासून आपण स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे मागवतो आहोत. पत्र्याच्या ट्रंकांतून, आल्बमांतून, काही तर बैठकीच्या खोलीतल्या भिंतींवरून उतरून ती शाळेत आली. ती स्कॅन करून त्यांचे विटलेले रंग सावरण्याचे काम चार माजी विद्यार्थ्यांनी आपण होऊन अंगावर घेतले. त्यांतला एक तात्यापाऱ्यात राहतो, एक भिलाईला, एक नागपूरला आणि एक पुण्याला. आरंभी चौघांनाही एकच छायाचित्र पाठवले होते. ते होते १९८० नंतरच्या एका स्नेहसंमेलनातील, समूहगीत म्हणणाऱ्या मुलींचे. चौघांनी आपापल्या घरी ते मन लावून दुरुस्त केले. शाळेच्या संगणककक्षात ती चार चित्रे शेजारी शेजारी उघडली तेव्हा पहिल्या रांगेतील एका मुलीची साडी एकात डाळिंबी होती, दुसऱ्यात विटकरी, तिसऱ्यात राणी आणि चौथ्यात आमसुली. साडीचे एक वेळ सोडून देऊ. पण चेहरे? एका चित्रात साऱ्या मुली कावीळ झाल्यासारख्या पिवळ्या, एकात गारठल्यासारख्या निळसर, आणि एकात इतक्या गोऱ्यापान की त्यांतल्या एकीची सख्खी बहीण, जी आज आपल्यात बसली आहे, चित्र पाहून म्हणाली, ‘‘बाई, ही आमची ताई नव्हेच.’’

चौघांपैकी कोणाचा डोळा अधू नव्हता की कोणी कामात हयगय केली नव्हती. आपल्या पडद्यावर जे योग्य दिसले तेच प्रत्येकाने केले होते. मात्र चौघांचे पडदे चार तऱ्हेचे होते.

आपल्या घरांतील स्त्रियांना हा प्रश्न नवा नाही. पंडरीच्या कापडबाजारात झगमगत्या दिव्यांखाली साडी पसंत पडते आणि तरीही आपण दुकानदाराला म्हणतो, ‘‘जरा दारात नेऊन बघू का?’’ ब्लाउजपीस जुळवताना तर हे हमखास घडते. दिव्याखाली जो तुकडा साडीशी तंतोतंत जुळला, तोच उन्हात वेगळा पडतो. कारण वस्तूचा रंग वस्तूइतकाच तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाचाही असतो. आपल्या आज्यांनी भौतिकशास्त्र शिकले नव्हते, पण अबोली, मोतिया, बदामी, अंजिरी, चिंतामणी, मोरपंखी असे बारीक भेद करणारी भाषा त्यांच्याजवळ होती आणि ते भेद कुठल्या उजेडात करायचे याचे भानही होते.

मग पडदाही डोळ्यांनीच पारखता येणार नाही का? येणार नाही, आणि त्यात डोळ्यांचा दोष नाही. डोळा फार समजूतदार आहे. पिवळ्या बल्बखाली वाचताना वहीचा कागद खरे तर पिवळा असतो, पण दोन मिनिटांत तो आपल्याला पांढरा वाटू लागतो. निळसर पडद्यापुढे अर्धा तास बसले की तो निळसरपणा जाणवेनासा होतो. संसारात हा गुण मोलाचा आहे, पण मोजमापाला तो उपयोगी नाही. शिवाय लाल-हिरव्यातला भेद ज्यांना नीट कळत नाही असे विद्यार्थी प्रत्येक शाळेत असतात. मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण बरेच अधिक असते आणि पुष्कळदा घरी त्याचा पत्ताही नसतो. (पालकांनो, मूल चित्रात झाडाचे खोड हिरवे रंगवू लागले तर त्याला रागावण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.)

तेव्हा दाराशी जाण्याला पर्याय नाही. मात्र संगणकाचा पडदा स्वतःच प्रकाश देतो, त्याला दारात नेऊन काय होणार? म्हणून शास्त्रज्ञांनी दारातला उजेडच आकड्यांत बांधून ठेवला. या प्रमाणित दिवसाच्या उजेडाला ‘डी ६५’ असे नाव आहे. त्याचे तापमान सुमारे ६५०० केल्विन धरतात. तो उत्तर आणि पश्चिम युरोपातील दुपारच्या उजेडाशी जुळणारा आहे. आपल्या रायपूरच्या वैशाखातल्या उन्हाशी त्याचे नाते विचारू नका. पण जगभरच्या पडद्यांनी एकच पांढरा मानायचा, तर कुठला तरी एक ठरवावा लागतो.

उजेडाला तापमान कसे, हे भिलाईकरांना सांगावे लागणार नाही. लोखंड तापू लागले की आधी ते गडद लाल दिसते, मग नारिंगी, मग पिवळे. भट्टीतून ओतला जाणारा पोलादाचा रस साधारण १६०० अंश सेल्सियसचा, म्हणजे १९०० केल्विनच्या आतबाहेर असतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार २७०० केल्विनच्या आसपास तापते. तापमान असेच चढत गेले तर उजेड पांढरा आणि पुढे निळसर होतो. गंमत अशी की ज्या तांबूस-पिवळ्या रंगांना आपण ‘उष्ण’ म्हणतो, ते या मोजणीत कमी तापमानाचे ठरतात. नवे मॉनिटर पुष्कळदा ७००० केल्विनच्याही वर लावलेले येतात, कारण निळसर पांढरा दुकानात अधिक स्वच्छ वाटतो. गंजीफ्रॉकला नीळ घालतात, त्यातलाच हा प्रकार.

रंग आकड्यांत सांगण्याचा पाया १९३१ साली घातला गेला. इंग्लंडमध्ये डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अवघ्या सतरा निरीक्षकांच्या डोळ्यांवर प्रयोग केले होते. लाल, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश किती प्रमाणात मिसळले की समोरचा रंग जुळतो, हे त्यांनी नोंदवले. त्या नोंदींवरून आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवला. तेव्हापासून रंग हा केवळ शब्द राहिला नाही, तो मोजता येऊ लागला. आपण दर स्वातंत्र्यदिनी आणि प्रजासत्ताकदिनी ज्याला वंदन करतो त्या राष्ट्रध्वजाचे रंगही असेच आकड्यांत बांधलेले आहेत. ध्वजाचे भारतीय मानक १९५१ साली तयार झाले, १९६४ आणि १९६८ मध्ये त्यात सुधारणा झाल्या, आणि त्यात केशरी, पांढरा, हिरवा व चक्राचा निळा यांची मापे दिलेली आहेत. म्हणून नांदेडच्या खादी समितीत तयार झालेला ध्वज असो की हुबळीच्या, केशरी म्हणजे कोणता, यावर वाद घालावा लागत नाही.

आता पडद्याकडे येते. पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यात तीन इवले दिवे असतात असे समजा. त्यांतला एक लाल, एक हिरवा, एक निळा. प्रत्येकाच्या तेजाच्या २५६ पायऱ्या. तिन्ही मिळून १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंगछटा. चित्राच्या फाइलमध्ये रंग नसतोच, असतात ते केवळ या पायऱ्यांचे आकडे. ‘लाल २००, हिरवा ९०, निळा ७०’ असा हुकूम दोन पडद्यांना दिला तर दोघेही तो पाळतात, पण एकाच्या लाल दिव्याचा लाल निराळा, दुसऱ्याचा निराळा. एकच बंदिश दोन पेट्यांवर वाजवावी आणि दोन्ही पेट्यांचे सूर थोडे थोडे चळलेले असावेत, तसे. १९९६ साली ह्युलेट पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘एसआरजीबी’ नावाची एक सर्वसामान्य रंगपट्टी सुचवली आणि १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. आपल्या पडद्याने निदान त्या पट्टीच्या जवळ यावे, आणि जिथे येत नाही तिथे किती चुकतो ते लिहून ठेवावे, एवढीच आपली अपेक्षा.

या अपेक्षेत दोन कामे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिले काम सूर लावण्याचे, म्हणजे कॅलिब्रेशन. त्यात पडद्याचा पांढरा, त्याचे तेज आणि अंधारापासून उजेडापर्यंतचा चढ ठरलेल्या मापाला आणतात. दुसरे काम त्या पडद्याचे प्रगतिपुस्तक लिहिण्याचे, म्हणजे प्रोफाइल तयार करण्याचे. हा विद्यार्थी लालमध्ये इतका पुढे, हिरव्यात इतका मागे, असे त्यात नोंदलेले असते. चित्र दाखवणारे सॉफ्टवेअर ते प्रगतिपुस्तक वाचून आकड्यांत योग्य तो फेरफार करते. या प्रगतिपुस्तकाचा नमुना साऱ्या जगाने एकच ठेवावा म्हणून १९९३ साली काही मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय रंग संघटना स्थापन केली.

इथे मला आपल्या मराठी मुलखातील एक गोष्ट आठवते. दादासाहेब फाळके यांना आपण चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. पण १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी ते छपाईच्या व्यवसायात होते. राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचे काम त्यांनी केले होते आणि रंगीत छपाईचे नवे तंत्र व यंत्रसामग्री यांसाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. शिळाछपाईत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि कोणत्या दगडावर किती शाई चढली की लक्ष्मीच्या साडीचा लाल बरोबर उतरेल, हे जाणणारा कारागीर वेगळा. ती विद्या मिळवायला समुद्र ओलांडावा लागला. आज तेच ज्ञान, पडद्यापुरते का होईना, आपल्या घरच्या संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येते. एवढेच नव्हे, ते कसे चालते हेही उघडून वाचता येते.

ऑस्ट्रेलियातील ग्रॅम गिल यांनी ‘आर्गिल सीएमएस’ नावाचा रंगमापनाच्या साधनांचा संच वर्षानुवर्षे खपून तयार केला. त्याला आज्ञा टंकून द्याव्या लागतात, त्यामुळे माझ्यासारखीला तो जरा भीतिदायकच. जर्मनीतील फ्लोरियान ह्योख यांनी त्यावर ‘डिस्प्लेकॅल’ हे खिडक्या-बटणांचे रूप चढवले. पुढे ते काम थंडावले, तेव्हा इतर जाणकारांनी त्याची नव्या प्रणालींवर चालणारी आवृत्ती पुढे चालवली. मुक्तस्रोताचा हा फार मोठा आधार आहे, की मूळ कर्ता थांबला तरी काम अडत नाही. दुसरा फायदा खिशाला जाणवणारा आहे. मापनाच्या उपकरणाबरोबर येणारे सॉफ्टवेअर काही वर्षांनी नव्या संगणकावर चालेनासे होते, किंवा स्वस्त उपकरणाला कमी सोयी आणि महागाला जास्त, अशी पंगत मांडलेली असते. आर्गिलला असा पंक्तिभेद ठाऊक नाही. जुने, कोणी टाकून दिलेले उपकरणही ते पुष्कळदा ओळखते आणि त्याच्याकडून पूर्ण काम करून घेते.

उपकरण मात्र लागतेच. त्याला कलरीमीटर म्हणतात. मुठीत मावेल एवढी ती वस्तू यूएसबीच्या वायरीने संगणकाला जोडायची आणि पडद्यावर टेकवायची. तिच्या आत गाळण्या लावलेले प्रकाशमापक असतात. किंमत काही हजार रुपये. एका कुटुंबाने घ्यावी इतकी तिची रोजची गरज नाही, दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरते. पूर्वी आळीत पुरणयंत्र एकाच घरी असे आणि होळीच्या दिवशी ते साऱ्या घरांतून फिरे, तसेच हे. आपल्या शाळेने एक कलरीमीटर घेतला आणि तो त्या चार घरी फिरवला. त्यांच्या अनुभवावरून सांगते.

मॉनिटर सुरू करून अर्धा तास तापू द्यावा, कारण थंड पडद्याचे रंग हळूहळू सरकत असतात. पडदा कोरड्या मऊ फडक्याने पुसावा. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय, खोलीतल्या उजेडाप्रमाणे तेज आपोआप कमी-जास्त करणारी सोय, स्क्रीनसेव्हर, हे सारे बंद करावे. भिलाईच्या विद्यार्थ्याचे पहिले मापन याच कारणाने वाया गेले. मधेच संध्याकाळ झाली आणि पडदा आपल्या आपण पिवळा झाला. मॉनिटरच्या बटणांत ‘व्हिव्हिड’, ‘डायनॅमिक’ अशी नावे दिसली तर तिकडे फिरकू नये. खिडकीचे ऊन किंवा ट्यूबलाइट थेट पडद्यावर पडणार नाही, असे बसावे.

मग डिस्प्लेकॅलमध्ये आपला पडदा आणि आपले उपकरण निवडायचे. पडदा कोणत्या जातीचा आहे, साधा एलईडी की अधिक रंगांचा की ओएलईडी, तेही सांगायचे, कारण प्रत्येक जातीच्या प्रकाशाचा पोत वेगळा आणि उपकरणाला त्याप्रमाणे सुधारणा लागते. ही पायरी लोक गाळतात आणि नंतर उपकरणाला नावे ठेवतात. पांढरा ६५०० केल्विन, चढ २.२ आणि तेज १२० कँडेला, असे आकडे घरगुती कामाला ठीक आहेत. खोलीत उजेड मंद असेल तर तेज १०० ठेवले तरी चालते.

या तेजाविषयी थोडे थांबून बोलते, कारण घरोघरी खरा घोटाळा इथेच आहे. नवा मॉनिटर दुकानातून येतो तो डोळे दिपवण्याच्या तयारीने, दुपटीहून अधिक तेजावर लावलेला. अशा पडद्यावर काळोखे छायाचित्रही उजळ दिसते, म्हणून आपण ते उजळवत नाही, उलट थोडे दबवतो. कागदावर ते छापून आले की काळवंडलेले असते. मागे एका वार्षिक अंकात असे झाले आणि सर्वांनी छापखान्याला दोष दिला. छापखान्याचे आणि आमचे या वर्षी मोकळेपणाने बोलणे झाले आहे.

उपकरण पडद्यावर लोंबते ठेवायचे. त्याच्या वायरीला वजन असते, ते मॉनिटरच्या मागे सोडायचे. पडदा किंचित मागे कलता करायचा, म्हणजे उपकरण अलगद टेकते, दाबावे लागत नाही. सॉफ्टवेअर आधी पांढरा चौकोन दाखवते आणि लाल, हिरवा, निळा यांच्या तीन पट्ट्या. मॉनिटरच्या बटणांनी त्या तिन्ही पट्ट्या मध्यावर आणायच्या. लॅपटॉपला अशी बटणे नसतात, तिथे तेजापुरते जुळवून पुढे जायचे, बाकीचे सॉफ्टवेअर सांभाळते. नंतर एकामागून एक शेकडो रंगांचे चौकोन पडद्यावर उमटतात आणि उपकरण प्रत्येकाची नोंद घेते. अर्धा तास लागतो, अधिक बारकाई हवी असेल तर त्याहून बराच जास्त. त्या वेळात चहा करून घ्यावा, माऊसला हात लावू नये. शेवटी प्रोफाइल तयार होते, ते बसवायचे. विंडोजवर डिस्प्लेकॅलचा छोटा सहायक ते दर वेळी पडद्यावर चढवतो, लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांत रंगांच्या व्यवस्थेतच त्याची सोय आहे.

पुढे पडताळणी करावी. सांगितलेला रंग आणि दिसलेला रंग यांतील अंतराला ‘डेल्टा ई’ म्हणतात. अंतर १ च्या आसपास असेल तर ते डोळ्याला जेमतेम कळते. नागपूरच्या पडद्याची सरासरी त्याहून कमी आली. तात्यापाऱ्यातल्या जुन्या लॅपटॉपने मात्र फिक्या रंगांत चांगली साथ दिली आणि भडक लाल-हिरव्यात हात टेकले. त्याच्या पडद्यातच तितका गडद लाल नव्हता. कॅलिब्रेशन नसलेला रंग निर्माण करत नाही. पेटीला अडीच सप्तकेच असतील तर सूर लावून तिसरे सप्तक येत नाही. त्या विद्यार्थ्याने आता रंगीत चित्रे पुण्याकडे सोपवली आहेत आणि तो पांढरी-काळी चित्रे घेतो. त्या कामाला त्याचा पडदा उत्तम आहे.

तर, चारही पडदे मापून झाल्यावर समूहगीताचे तेच चित्र पुन्हा चौघांना पाठवले. आलेली चार चित्रे एकसारखी नव्हती, प्रत्येकाची आवड थोडी वेगळी असतेच. पण साडी चारही चित्रांत डाळिंबीच्या घरात होती आणि चेहरे माणसांचे होते.

चेहऱ्यांविषयी मला थोडे परखड बोलायचे आहे. त्या काळातील रंगीत छायाचित्रांतला निळसर-हिरवा रंग सर्वांत आधी विरतो, म्हणून ती चित्रे वर्षे गेली की तांबूस होतात. तो तांबूसपणा काढणे योग्यच. पण तो काढताना एक बटण असे असते की जे ‘आपोआप सुंदर’ करते, आणि सुंदर म्हणजे गोरे, असे त्याला शिकवलेले असते. हे आजचे नाही. फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळवण्यासाठी कोडॅककडून प्रयोगशाळांना एक नमुना-छायाचित्र येई, ते गोऱ्या तरुणीचे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कांती बरोबर उमटली की यंत्र बरोबर, असा हिशेब. सावळ्या माणसांचे चेहरे मग काळोखात बुडाले तरी त्याची दाद नव्हती. आपल्या शाळेच्या पहिल्या तुकड्यांत बुढापाऱ्यातली मुले होती, रेल्वे वसाहतीतली होती, आसपासच्या खेड्यांतून चालत येणारी छत्तीसगढी मुलेही होती आणि ती इथे मराठी शिकली. ती जशी होती तशी या स्मरणिकेत यावीत. म्हणून चौघांना मी एकच नियम घालून दिला. आधी पडदा मापायचा, आणि चेहऱ्याची कांती उजळायला एकही बटण वापरायचे नाही. चित्रात कुठे पांढरा सदरा, खडूने लिहिलेली अक्षरे किंवा भिंतीचा चुना असेल तर त्यावरून रंगांचा तोल साधायचा, चेहऱ्यावरून नाही. समूहगीतातल्या त्या ताईच्या बहिणीने नवे चित्र पाहिले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने पदराने डोळे टिपले आणि त्या चित्राची एक प्रत मागितली.

जे गेले ते मात्र परत येत नाही, हेही सांगायला हवे. सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलींच्या गणवेशाचा रंग आकाशी होता की फिका हिरवा, यावर माजी विद्यार्थिनींत अजून दोन तट आहेत. छायाचित्रातला तो रंगच उडाला असल्याने पडदा कितीही मापला तरी त्याचा निकाल लागत नाही. कोणाच्या घरी गोधडीत त्या कापडाचा तुकडा शिवलेला असेल तर कृपया शाळेला दाखवा.

छपाईसाठी थोडे. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कागद शाईने. पडद्यावरचा झळाळता मोरपंखी कागदावर तसाच येणार नाही. छापखान्याकडून त्याच्या यंत्राचे व कागदाचे प्रोफाइल मागून घ्यावे. गिम्प, क्रिता, स्क्रायबस या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये ते घातले की छापल्यावर चित्र कसे दिसेल, याचा अदमास पडद्यावरच येतो. अर्थात पडदा मापलेला असेल तरच.

हा उद्योग केवळ स्मरणिकेपुरता नाही. आपल्या काही माजी विद्यार्थिनी घरून कोसा साड्या विकतात. चांपा, रायगडकडचा अस्सल कोसा पुष्कळदा रंगवलेला नसतो. त्याचा मधासारखा, कधी बदामी, कधी किंचित राखाडी असा उपजत रंग हेच त्याचे वैभव. तोच रंग चित्रात भडक पिवळा दिसला तर साडी परत येते, आणि येण्याजाण्याचा खर्च विकणारीच्या माथी. साडीचे चित्र दिवसाच्या उजेडात, शेजारी एक करड्या रंगाचा कागद ठेवून काढावे आणि मापलेल्या पडद्यावर पाहून एसआरजीबीत जतन करावे. गिऱ्हाईकाचा फोन आपल्या हाती नसतो, निदान आपली बाजू तरी बरोबर राहते. फोनवर ‘नॅचरल’ अशी रंगांची निवड असेल तर ती करा, घरातल्या मुलांच्या फोनवरही करा. मात्र पैठणीच्या धूपछाव पोताचे चित्र काढून कोणी समाधान मागू नये. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, ती नेसूनच पाहावी लागते.

पुढे खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात चित्रकला शिकण्याचे मनात असलेल्या दोन मुली या वर्षी आपल्याकडे आहेत. त्यांनी आपल्या जलरंगांच्या चित्रांच्या प्रती संगणकावर तयार केल्या, तेव्हा मूळ कागद पडद्याशेजारी धरून एकेक छटा ताडून पाहिली. असा एक तास वर्गातल्या चार तासांचे काम करतो, असे आमच्या चित्रकलाशिक्षकांचे मत आहे. मला ते पटते.

आता व्यवस्थेचे. कलरीमीटर शाळेच्या ग्रंथालयात लाकडी कपाटात ठेवला आहे. पुस्तकासारखाच तो घरी नेता येईल, दोन दिवसांसाठी. नोंदवहीत नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहावा. परत करताना भिंगावर बोट न लागता डबीत घालून द्यावा. डिस्प्लेकॅल आणि आर्गिल संगणककक्षातून पेनड्राइव्हवर मिळतील, आणि मराठीत लिहिलेले चार पानी टिपणही. बाहेरगावच्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना छायाचित्रांच्या कामात हातभार लावायचा आहे त्यांनी आपापल्या गावी उपकरण मिळते का ते पाहावे. न मिळाल्यास शाळा टपालाने पाठवील, परतीचा खर्च शाळेचा. अजून एकशे चाळीस चित्रे बाकी आहेत, त्यांत १९७१ च्या सहलीची दोन पाकिटे कोणीच उघडलेली नाहीत. मेळावा संपल्यावर मी ग्रंथालयात बसणार आहे. ज्यांना आज काही घेऊन जायचे असेल त्यांनी तिथे यावे.